भाड्याच्या खोल्यांचा हिशेब आणि संगणक

घर भाड्याने देणे हा आपल्याकडील फार जुना व्यवहार आहे. मुंबईतील चाळी आणि पुण्यातील वाडे यांत पिढ्यान् पिढ्या भाडेकरू राहिले. अलीकडे औद्योगिक वसाहतींच्या आसपास एकेका खोलीच्या रांगाच उभ्या राहिलेल्या दिसतात. चाळमालकाचा मेहता महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दारोदार फिरे, भाडे घेई, पावतीपुस्तकातील पावती फाडून हाती देई आणि संध्याकाळी खतावणीत त्याची नोंद करी. ती चिटुकली पावती म्हणजे नुसता कागद नव्हता. शाळेतील प्रवेशापासून न्यायालयातील दाव्यापर्यंत 'मी येथे राहतो' हे सांगणारा तो पुरावा होता. मुंबईतील पागडीच्या इमारतींमध्ये तर पावती कोणाच्या नावाने फाटते, यावर त्या घराचा हक्क आजही मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. म्हणूनच अनेक कुटुंबांनी अशा पावत्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या आढळतात.

मेहत्याची ही खतावणी आता संगणकावर आणि मोबाइलवर आली आहे. भाड्याच्या मालमत्तेचा हिशेब ठेवणारी अनेक सॉफ्टवेअर बाजारात मिळतात. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला कामाच्या सूचना देणारी आज्ञावली. ती विकत घेता येते, मासिक वर्गणी देऊन वापरता येते आणि काही वेळा विनामूल्यही मिळते. जाहिरातींत प्रत्येकीचे गुणगान असते. त्यामुळे नेमकी कोणती घ्यावी आणि मुळात घ्यावी की नाही, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न केवळ मोठ्या मालकांचा नाही. निवृत्तीनंतर घरावर एक मजला चढवून चार खोल्या भाड्याने देणारा कामगार, भाड्यावरच घरखर्च चालवणारी एखादी विधवा, किंवा मालक परगावी असल्याने साठ खोल्यांची देखरेख करणारा व्यवस्थापक, या सर्वांना तो पडतो. अशा व्यवस्थापकाची किंवा कारकुनाची नोकरी तुमच्यापैकी काहींना उद्या करावीही लागेल.

आज्ञावली निवडण्यापूर्वी भाड्याच्या हिशेबाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. वरवर पाहता 'दरमहा अमुक रुपये आले' एवढीच नोंद पुरेशी वाटते. प्रत्यक्षात येथे जागा, माणूस, करार आणि पैसा अशा चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. जागा तीच राहते, माणसे बदलतात. एकाच माणसाचा करार संपून नवा होतो आणि भाडे वाढते. एकाच भाडेकरूकडे खोली आणि खाली दुकानाचा गाळा अशा दोन जागा असू शकतात. उलट, एका खोलीत तीन मुले राहतात आणि तिघे आपापला वाटा वेगवेगळ्या दिवशी देतात. पुष्कळशा स्वस्त आज्ञावल्यांत या चार गोष्टी वेगळ्या केलेल्या नसतात. त्यांत खोलीच्या नावापुढे भाडेकरूचे नाव लिहिण्याची एकच जागा असते. भाडेकरू बदलला की जुन्या नावावर नवे नाव चढते आणि आधीच्या माणसाचा दोन वर्षांचा हिशेब दिसेनासा होतो. सहा महिन्यांनी तोच माणूस अनामत रकमेची उरलेली बाकी मागायला आला, तर दाखवायला काही उरत नाही. माझ्या मते आज्ञावलीची पहिली पारख येथेच करावी. भाडेकरू निघून गेल्यानंतरही त्याचे खाते जसेच्या तसे पाहता येते का, हे आधी विचारावे.

अनामत रकमेबाबत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. भाडे हे मालकाचे उत्पन्न असते, अनामत हे त्याचे देणे असते. ती रक्कम त्याच्याजवळ ठेव म्हणून असते आणि एक दिवस परत करावयाची असते. जी आज्ञावली दोन्ही रकमा 'जमा' या एकाच रकान्यात मिळवते, ती मालकाला वर्षाअखेरी खोटी श्रीमंती दाखवते. त्या आकड्याच्या भरवशावर मालक खर्च करून बसतो आणि खोली रिकामी झाल्यावर भाडेकरूला 'पुढच्या महिन्यात देतो' असे सांगण्याची पाळी त्याच्यावर येते. अनामत परत न मिळणे ही भाडेकरूंची सर्वांत जुनी तक्रार आहे. तिच्या मुळाशी दर वेळी लबाडीच असते असे नाही, पुष्कळदा नोंदीतील ही गल्लतही असते.

आता प्रश्न असा, की चार खोल्यांसाठी एवढा खटाटोप हवा कशाला? स्पष्टच सांगायचे तर, बहुधा नको. सात-आठ खोल्यांपर्यंत एक जाड वही, क्रमांक छापलेले पावतीपुस्तक आणि करारांची एक फाइल एवढे साहित्य पुरते. बेरजांचा कंटाळा असेल, तर संगणकावरील तक्ता वापरावा. आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला, एक आकडा बदलताच सर्व बेरजा आपोआप बदलणारा हा तक्ता डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' या आज्ञावलीच्या रूपाने बाजारात आणला. आज एक्सेल सर्वपरिचित आहे. लिब्रेऑफिसमधील 'कॅल्क' हा तक्ता तर कोणालाही विनामूल्य घेता येतो. प्रत्येक भाडेकरूसाठी एक पान, त्यावर तारीख, देय रक्कम, आलेली रक्कम आणि बाकी असे चार रकाने केले, की खतावणी तयार झाली. तक्त्याचे वैगुण्य असे, की त्यात कोणीही कोणताही आकडा पुसू शकतो आणि तो कोणी पुसला याची खूण राहत नाही. खोल्यांची संख्या वाढली, पैसे घेणारा एक आणि हिशेब पाहणारा दुसरा असे झाले, म्हणजे मग खास आज्ञावलीचा विचार सुरू करावा.

या क्षेत्रात अमेरिकेतील यार्डी, अ‍ॅपफोलिओ, बिल्डियम ही नावे मोठी आहेत. हजारो घरे सांभाळणाऱ्या कंपन्या ती वापरतात. त्या सामर्थ्यवान आहेत, यात शंका नाही. पण प्रत्येक आज्ञावलीच्या पोटात ती जेथे घडली तेथील कायदा आणि रीतीभाती दडलेल्या असतात. महाराष्ट्रातील घरांचे बरेचसे व्यवहार 'लिव्ह अँड लायसन्स' या प्रकारच्या कराराने होतात. त्यात जागा वापरण्याची केवळ परवानगी असते, भाडेपट्ट्याचा हक्क नसतो. ही कल्पनाच परदेशी आज्ञावलीला ठाऊक नसते. मुख्य मीटरवरून खोल्यांना काढलेले पोटमीटर आणि पाण्याच्या पंपाचे वाटून घेतलेले बिल यांनाही तिच्यात जागा सापडणे कठीण.

तिकडचा एक प्रसंग मात्र आपण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काही आज्ञावल्या हिशेबापुरत्या थांबत नाहीत, भाडे किती आकारावे याचा सल्लाही देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने 'रिअलपेज' या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या घरमालकांची खासगी माहिती एकत्र करून ही कंपनी त्यांना भाड्याचे दर सुचवते आणि त्यामुळे भाडेकरूंना स्पर्धेचा लाभ मिळत नाही, असा तो आरोप होता. कंपनीने तो नाकारला. न्यायाची बाजू कोणतीही असो, हिशेबाची वही भाव ठरवू लागली म्हणजे भाडेकरूचे काय होऊ शकते, हा प्रश्न त्या दाव्याने जगापुढे आणला.

आपल्याकडील कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडे मिळताच लेखी पावती देणे हेही याच कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे. दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, अशी तरतूद आहे. मात्र तो स्वीकारायचा की नाही, हे प्रत्येक राज्याने ठरवायचे आहे. तेव्हा पुण्यातील मालकाला उपयोगी पडलेली आज्ञावली बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी मालकाला तशीच लागू पडेल, असे गृहीत धरू नये. निदान कराराचा मसुदा तरी तीत बदलता आला पाहिजे.

कराचे नियमही बदलत राहतात. महिन्याला ५०,००० रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या व्यक्तीने त्यातून प्राप्तिकर कापून सरकारकडे भरावा, असा नियम २०१७ साली आला, तेव्हा कपातीचा दर ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के झाला. त्या दिवसानंतरही एखादी आज्ञावली ५ टक्केच कापत राहिली, तर दोष यंत्राला देऊन भागत नाही. पैसे भाडेकरूचे आणि मालकाचेच अडकतात. म्हणून दर बदलण्याची सोय आपल्या हाती आहे का, आणि नसेल तर विक्रेता तो किती दिवसांत बदलून देतो, हे विचारून घ्यावे. मालकाच्या दृष्टीने आणखी एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला नगरपालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. यासाठी घरपट्टी भरल्याची तारीख आणि रक्कम हिशेबात असली पाहिजे. रंगरंगोटीची वेगवेगळी बिले मात्र या करापुरती उपयोगी पडत नाहीत. आज्ञावलीत दुरुस्तीच्या नोंदींसाठी वीस रकाने आणि घरपट्टीसाठी एकही नाही, असे आढळले तर तिच्या कर्त्याने आपल्याकडील मालकांशी फारशी चर्चा केलेली नाही, असे खुशाल समजावे.

आता खऱ्या कसोटीकडे वळू. दुकानदार आज्ञावली दाखवतो तेव्हा त्याच्या नमुन्यातील प्रत्येक भाडेकरू एक तारखेला पूर्ण भाडे देतो. आपले भाडेकरू तसे नसतात आणि आपले दिवसही तसे नसतात. म्हणून आपल्याच वहीतील एक अवघड खाते घेऊन बसावे. समजा, एका खोलीचे भाडे ८,००० रुपये आणि अनामत २५,००० रुपये आहे. सप्टेंबरपासून भाडे ५ टक्क्यांनी वाढून ८,४०० झाले. दिवाळीच्या महिन्यात भाडेकरूने १० तारखेला ५,००० आणि २८ तारखेला ३,४०० रुपये दिले. पुढे १८ डिसेंबरला त्याने खोली सोडली. वीजबिलाचे ६२० रुपये त्याच्याकडून येणे राहिले. हे सारे आज्ञावलीत भरून पाहावे.

पहिली अडचण अर्धवट भाड्याची येते. काही आज्ञावल्या एका महिन्यासाठी एकच पावती तयार करतात. १० तारखेला ५,००० रुपये भरताच त्या महिना 'भरला' असे दाखवतात, किंवा पूर्ण रक्कम येईपर्यंत पावतीच देत नाहीत. दोन्ही चुकीचे आहे. पैसे दिले त्या दिवशी तेवढ्या रकमेची पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. दुसरी अडचण डिसेंबरची. अठरा दिवसांचे भाडे किती? महिना ३१ दिवसांचा धरला तर ४,८७७ रुपये होतात, ३० दिवसांचा धरला तर ५,०४०. फरक १६३ रुपयांचा आहे. आज्ञावली यांपैकी एक उत्तर मुकाट्याने देते. तिने कोणता हिशेब केला हे ती सांगत नसेल आणि आपल्याला बदलता येत नसेल, तर दारात उभ्या असलेल्या भाडेकरूला आपण काय सांगणार? 'संगणकाने काढले आहे' हे काही उत्तर नव्हे. कराराप्रमाणे ३१ दिवसांचा महिना धरायचा असेल, तर अनामतीच्या २५,००० मधून ४,८७७ आणि ६२० वजा होऊन १९,५०३ रुपये परत द्यायचे निघतात. ही वजाबाकी एका कागदावर, दोघांच्याही सहीसाठी जागा ठेवून, आज्ञावलीला छापून देता आली पाहिजे. सुंदर रंगीत आलेख नसले तरी चालतील.

छापण्याचा विषय निघाला म्हणून मराठीविषयी सांगतो. पावती भाडेकरूला वाचता आली पाहिजे. 'आमची आज्ञावली मराठीत आहे' असे विक्रेता सांगतो तेव्हा पुष्कळदा फक्त बटणांवरची नावे मराठीत असतात, पावती इंग्रजीतच निघते. दुसरा धोका जुन्या फाँटचा. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वी मराठीसाठी निरनिराळे फाँट वापरात होते आणि एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. ज्या आज्ञावलीत भाडेकरूंची नावे अजून तशा फाँटमध्ये साठवली जातात, ती टाळावी. तपासणी सोपी आहे. पावतीवरील नाव उचलून मोबाइलवरील संदेशात चिकटवावे. ते तसेच वाचता आले, तर ठीक.

यानंतर माहिती कोणाची, हा प्रश्न येतो. वही आपल्या कपाटात असते. वर्गणीच्या आज्ञावलीतील नोंदी बहुधा दूरच्या कोठल्या तरी संगणकात साठवलेल्या असतात. वर्गणी भरायची राहिली, कंपनीने व्यवसाय बंद केला किंवा दर दुप्पट केले, तर आपल्या नोंदी आपल्याला परत मिळतील का? यासाठी खरेदीपूर्वीच सर्व खाती साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घ्यावीत आणि तो तक्ता एक्सेलमध्ये किंवा कॅल्कमध्ये उघडून पाहावा. 'ती सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे' असे उत्तर मिळाले, तर तेथून उठावे.

शिवाय या नोंदींत दुसऱ्यांचीही माहिती असते. भाडेकरूचे छायाचित्र, आधार क्रमांक, नोकरीचे ठिकाण, कुटुंबातील माणसे हे सारे मालकाकडे जमा होते. अनेक शहरांत पोलिसांच्या आदेशानुसार भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवावी लागते, त्यामुळे ती घेणे टळत नाही. पण घेतलेली माहिती राखणे हे घेणाऱ्याचे काम आहे. संगणकीय वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे. आधार कार्डाची प्रत ठेवायचीच, तर क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत मिळते, ती ठेवावी. एकट्या राहणाऱ्या मुलींचे पत्ते आणि फोन क्रमांक वसुलीला येणाऱ्या प्रत्येक पोऱ्याच्या मोबाइलवर उघडे असणे, हे कोणत्याही सोयीच्या नावाखाली खपवून घेऊ नये. कोणाला काय दिसावे हे ठरवण्याची सोय आज्ञावलीत असते, पण ती पुष्कळदा बंदच ठेवलेली असते.

पुसण्याचा अधिकारही असाच जपून द्यावा. पावती चुकली तर ती रद्द करावी आणि रद्द केल्याची नोंद राहावी. ती नाहीशी होता कामा नये. मेहत्याच्या पावतीपुस्तकात पानांवर क्रमांक छापलेले असत, ते याचसाठी. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना, हिशेबातील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारीच आज्ञावली वापरण्याचे बंधन आहे. घरमालकाला तसे बंधन नसले, तरी ही सोय मागून घेण्यासारखी आहे.

किमतीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. दर खोलीमागे मासिक वर्गणी असेल, तर ती वर्षाच्या भाड्याच्या किती टक्के होते ते काढावे आणि रिकाम्या खोल्यांचीही वर्गणी पडते का ते पाहावे. ज्यांच्याकडे दुकानाच्या हिशेबासाठी टॅली आधीच आहे, त्यांना प्रत्येक भाडेकरूचे खाते तीतच उघडून काम भागवता येते. पूर्णपणे विनामूल्य असलेल्या मोबाइल आज्ञावलीचे उत्पन्न कोठून येते, याचा विचार करावा. जाहिरातींतून येत असेल, तर एक वेळ चालेल. भाडेकरूंच्या माहितीतून येत असेल, तर ती नको.

आज्ञावली ठरली, तरी जुनी वही लगेच बंद करू नये. दोन-तीन महिने दोन्हीकडे नोंदी कराव्यात आणि महिनाअखेरी बेरजा ताडून पाहाव्यात. यूपीआयने आलेले भाडे बँकेच्या उताऱ्याशी, रोखीचे भाडे पावतीपुस्तकाशी जुळले पाहिजे. सुरुवातीला प्रत्येक खात्यात थकबाकी आणि अनामत या दोनच रकमा भरून आरंभ करावा, मागील दहा वर्षांच्या नोंदी उतरवीत बसण्याचे कारण नाही. भरलेल्या रकमा भाडेकरूला दाखवून त्याची संमती घ्यावी. वाद असलाच, तर तो येथेच बाहेर पडतो आणि तेव्हा जुनी वही हाताशी असते. हे काम १ एप्रिलला सुरू केले, तर त्या आर्थिक वर्षाचा करासाठीचा हिशेब एकाच ठिकाणी मिळतो.